एका पानावर दोन भाषा, की दोन वेगळी पुस्तकं?

दोन ते पाच वर्षांच्या पोरासाठी चित्रपुस्तक घ्यायचं, तर पुण्यातल्या पालकाला न पडणारा एक प्रश्न बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांत पडतोच. घरी मराठी, अंगणवाडीत कन्नड. मग एकाच पानावर दोन भाषा छापलेलं द्विभाषी पुस्तक घ्यावं, की एकच गोष्ट मराठीत एक आणि कन्नडमध्ये एक अशी जोडी? आमच्याकडे दोन्ही प्रकार आले, दोन्ही फाटेपर्यंत वापरले गेले. त्यावरून जे वाटलं ते सांगतो. तुमचं पोर वेगळं असेल, वाचणारा माणूस वेगळा असेल, तेवढी सूट धरा.

द्विभाषी पुस्तकाचा मोह मलाही झाला होता. पैसे एकाचे, जागा एकाची, आणि घरात आज्जीनं वरचं वाचावं, कन्नड येणाऱ्यानं खालचं. ऐकायला झकास. शिवाय पाच-सहा वर्षांचं पोर स्वतः अक्षरं लावायला लागलं की दोन लिप्या शेजारीशेजारी असण्याचा फायदा होतो, हे मान्य. पण दुकानात जे द्विभाषी मिळतं त्यात बहुतेकदा एक भाषा इंग्रजी असते: मराठी-इंग्रजी किंवा कन्नड-इंग्रजी. आपल्याला हवी ती मराठी-कन्नड जोडी एका पानावर मला तरी क्वचितच दिसली. म्हणजे मूळ अडचण तिथंच राहते.

तरी माझं मत फिरलं ते यामुळं नाही. फिरलं ते पान उलटण्यामुळं.

चित्रपुस्तकात अर्धी गोष्ट पान उलटण्यात असते. झाडामागं शेपूट दिसते, कुणाची ते पुढच्या पानावर. चित्रकारानं ती शेपूट मुद्दाम उजव्या कडेला काढलेली असते, पोराचा हात तिकडं जावा म्हणून. शब्द संपले की हात जातो, पान उलटतं, वाघोबा! आता त्याच पानावर आणखी एक मजकूर असला की काय होतं बघा. मी मराठी वाचून थांबलो, पोराचा हात पानाच्या कोपऱ्यावर गेला, आणि तेवढ्यात त्याचंच लक्ष खालच्या ओळींकडं: ‘‘हे बी वाच की!’’ मग मी तळहातानं पान दाबून धरायचं, तेच सगळं पुन्हा सांगायचं, आणि वाघोबा तोवर बिचारा पलीकडं ताटकळत उभा. खालचं गाळलं तर पोराला वाटतं बाबा फसवतोय. वाचलं तर प्रत्येक गंमत दोनदा येते आणि दुसऱ्यांदा ती गंमत राहत नाही. त्यात दोन मजकुरांना जागा करायची म्हणून अक्षरं बारीक होतात किंवा चित्र आक्रसतं. एरवी ही बाब किरकोळ वाटेल, पण रोज रात्री वाचायला बसणाऱ्या माणसाला ती फार छळते.

जोडीच्या पुस्तकांत हे होत नाही. मराठी पुस्तक मराठीच्या चालीनं संपतं. मग काही दिवसांनी कन्नड प्रत काढायची. चित्रं ओळखीची, वाघ कुठून येणार ते पोराला आधीच ठाऊक, त्यामुळं शब्द अनोळखी असले तरी ते अडत नाही, उलट आपणच पुढचं पान सांगतं. आमच्याकडं कन्नड प्रत शेजारच्या अक्का वाचतात. माझं कन्नड वाचन बसच्या पाट्यांपुरतं, आणि अक्कांसारखा हेल मला जन्मात जमणार नाही. तुमच्या घरी किंवा शेजारी कन्नड वाचणारं कुणीच नसेल, तर मात्र जोडीतलं एक पुस्तक कपाटातच राहील, हेही लक्षात घ्या.

अशी जोडी मिळवायला फार हिंडावं लागत नाही. बेंगळुरूची प्रथम बुक्स ही २००४ पासूनची ना-नफा संस्था. तिची बरीच पुस्तकं मराठीत आणि कन्नडमध्ये त्याच चित्रांसह मिळतात, किंमतही कमी. चेन्नईच्या तुलिकाची पुस्तकं इंग्रजीखेरीज मराठी-कन्नडसह आठ भारतीय भाषांत येतात. चित्रांच्या बाबतीत माझा कल जरा तिकडं आहे. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालिकेतही एकच पुस्तक अनेक भाषांत असतं. घेण्याआधी चाचपून बघायचं असेल तर प्रथमचंच स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ २०१५ पासून मोफत आहे. गोष्ट मराठीत उघडायची, मग कन्नडमध्ये. पहिल्या पातळीच्या गोष्टी अडीचशे शब्दांच्या आत असतात, लहानग्यांसाठी तिथंच थांबा. डाउनलोड करून छापायलाही परवानगी आहे, पण झेरॉक्सच्या दुकानात रंगीत पानांचा हिशेब केलात तर विकत घेतलेलं स्वस्त पडेल. फोनवर रोज वाचून दाखवणं मला पटत नाही. पोर गोष्ट सोडून पडदा सरकवत बसतं.

जोडीच्या नादात मूळ मराठीतली पुस्तकं मात्र मागं टाकू नका. माधुरी पुरंदरे स्वतः लिहितात, स्वतःच चित्रं काढतात. २०१४ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार त्यांना मिळाला. त्यांच्या पुस्तकातली मुलं घरात बोलतात तशी बोलतात. तिथं कन्नड प्रत नसली तरी मला चालतं.

पुठ्ठ्याची जाड पुस्तकं दोन वर्षांखालच्यांसाठी ठीक, पण खानापूरकडच्या पावसात ती फुगतात. पातळ पुस्तकांच्या पिना गंजतात, तिथं दोऱ्यानं दोन टाके घातले की भागतं.

कडोली, येळ्ळूर, सांबऱ्याच्या साहित्य संमेलनांत पुस्तकांचे स्टॉल लागले तर पोराला घेऊनच जा. मजकूर न वाचता नुसती पानं उलटू द्या, आणि ज्या पुस्तकाचं पान ते स्वतःहून मागं फिरवून बघेल त्याची मराठी प्रत आधी घ्या. कन्नड प्रत नंतर मागवता येते.