धारेचा वस्तरा की पात्याचा? नव्याने शिकणाऱ्यासाठी

वस्तऱ्याने दाढी करायला शिकायचं ठरवलं की बहुतेकांचा निर्णय पैशावरच होऊन जातो. सलूनमध्ये दिसतो तसा, अर्धं पातं बसवायचा वस्तरा काही शे रुपयांत मिळतो. जुन्या पद्धतीचा, दगडावर धार लावायचा वस्तरा घ्यायचा तर धार राखायच्या चामडी पट्ट्यासकट काही हजार मोजावे लागतात. मग "आधी स्वस्तात हात बसवू, जमलं तर खरा घेऊ" असा विचार होतो. सोयीसाठी पहिल्याला पात्याचा आणि दुसऱ्याला धारेचा वस्तरा म्हणू. वरचा विचार चुकीचाच आहे असं म्हणणार नाही, पण पात्याच्या वस्तऱ्यावर बसलेला हात धारेच्या वस्तऱ्याला जसाच्या तसा उपयोगी पडत नाही, हे आधी माहीत असलेलं बरं.

सलूनमध्ये पात्याचा वस्तरा रुळला तो मुख्यतः स्वच्छतेसाठी. एकाच धारेने अनेकांची दाढी केली तर हिपॅटायटिस बी, एचआयव्ही यांसारख्या रक्तातून पसरणाऱ्या आजारांचा धोका राहतो, म्हणून दर गिऱ्हाइकाला नवं पातं. घरी एकट्याने वापरणाऱ्यापुढे हा प्रश्नच नाही. शिवाय सलूनमधला कारागीर गिऱ्हाइकाची मान हवी तशी वळवून, एका हाताने कातडी ताणून, समोरून नीट बघत काम करतो. आपण आरशात बघून, उलट्या दिसणाऱ्या चेहऱ्यावर हात चालवणार. त्यामुळे सलूनमध्ये तो सहज चालताना दिसतो, यावरून तो शिकायला सोपा असेल असं धरू नये.

पात्याच्या वस्तऱ्याची खरी जमेची बाजू म्हणजे धारेची काळजी नाही. नवं पातं घातलं की धार पक्की. पट्टा नको, दगड नको, पावसाळ्यात गंजाची धास्ती नको. पातं बोथट वाटलं की फेकलं. आठवड्यातून एकदा-दोनदाच दाढी करणाऱ्याला किंवा दाढी राखून फक्त गालाची आणि गळ्याची रेघ नीट काढणाऱ्याला हाच घ्या असं मी सांगेन. त्याची आखूड धार कल्ल्याजवळ आणि मिशीच्या कडेला नेमकी चालते.

माझं मत फिरलं ते पातं बसवण्याच्या कटकटीने. नेहमीचं दुधारी पातं कागदातच लांबीत दुमडून मोडायचं आणि अर्धं वस्तऱ्यात सरकवायचं, एवढंच काम. पण पातं मोडतं तिथे, दोन्ही टोकांना, बारीक खडबडीत कड राहते. ती कड खाचेत नीट टेकत नाही आणि पातं किंचित तिरपं बसतं. एका टोकाला धार जास्त बाहेर, दुसऱ्या टोकाला कमी. हा फरक अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असतो, सहज नजरेत भरत नाही, पण गालावर लगेच कळतो. एकीकडे पातं केस सोडून देतं, दुसरीकडे आग होते. शिकणाऱ्याला वाटतं आपला कोन चुकला. तो हात बदलतो, पुढच्या वेळी पातं सरळ बसतं आणि बदललेला हात चुकीचा ठरतो. दर नव्या पात्याला वस्तरा थोडा वेगळा वागत असेल, तर हाताला सवय कशाची लागणार?

यावर उपाय आहेत. मोडल्यावर टोकांची कड बोटाच्या नखाने नव्हे तर कात्रीने साफ करावी. पातं एका बाजूने सरकवायच्या रचनेपेक्षा, उघडून खुंटीवर पातं ठेवायच्या आणि मग मिटायच्या रचनेचा वस्तरा घ्यावा. पातं बसवल्यावर वस्तरा उजेडासमोर धरून धार आणि पातं धरणाऱ्या पट्टीची कड समांतर आहेत ना, ते बघावं. तिरपं दिसलं तर पुन्हा काढून बसवावं. जपानच्या फेदर कंपनीच्या वस्तऱ्यासाठी मिळणारी खास पाती मोडावी लागत नाहीत, साध्या पात्याच्या दुपटीहून जाड असतात आणि सरळ बसतात. पण मग स्वस्ताईचा मुद्दा निकालात निघतो.

दुसरी अडचण कोपऱ्यांची. साध्या पात्याची धार जेमतेम पावणेचार सेंटिमीटर, तिचे दोन्ही कोपरे टोकदार, आणि धार आखूड असल्याने दोन्ही कायम कातडीच्या जवळ. हनुवटीच्या वळणावर, नाकाखाली आणि कानाच्या पाळीजवळ कापलं जातं ते बहुधा कोपऱ्याने. धारेच्या वस्तऱ्याची धार सात सेंटिमीटरच्या आसपास असते. मधला भाग वापरला तर टोक लांब राहतं आणि गोल टोकाचा घेतला तर चुकून लागलं तरी सहसा खुपत नाही. वजनाचाही फरक पडतो. पात्याचा वस्तरा हलका, म्हणून नवखा माणूस नकळत दाबतो, आणि दाबलं की आग होणारच. धारेचा वस्तरा स्वतःच्या वजनाने केस कापतो, हाताने फक्त दिशा द्यायची. शिवाय पोकळ घासलेल्या, म्हणजे दोन्ही बाजूंनी खोलगट घासून पातळ केलेल्या पात्याचा केस कापतानाचा आवाज स्पष्ट येतो. बारीक, एकसारखी करकर म्हणजे कोन बरोबर. आवाज बंद झाला आणि ओढ जाणवली तर पाठ, म्हणजे धारेच्या विरुद्ध बाजूची जाड कड, जास्त उचलली गेली आहे.

आता धारेच्या वस्तऱ्याची अडचण, आणि ती लहान नाही. दर दाढीआधी तो पट्ट्यावर फिरवावा लागतो आणि नवशिक्याच्या हातून धार बिघडते ती दगडावर नव्हे, पट्ट्यावरच. पट्टा ताणून धरायचा. सैल राहिला तर चामडं धारेवर वळतं आणि धार गोल होते. वस्तरा आडवा टेकवायचा, पाठ आणि धार दोन्ही चामड्यावर, पाठ पुढे आणि धार मागे. टोकाला पोहोचल्यावर पाठ चामड्यावरच ठेवून वस्तरा उलटा करायचा, मगच परतायचं. घाईने आधी परतलं की धार चामड्यात घुसते. पट्टाही कापला जातो आणि धारही वाकते. पट्ट्याच्या कापडी बाजूवर वीसेक आणि चामड्यावर चाळीस ते पन्नास फेऱ्या पुरतात, जोर शून्य. आधी बोथट सुरीने उलटवण्याचा सराव केला तर पट्टा वाचतो. पहिला पट्टा स्वस्तातलाच घ्या, त्यावर एखादी चीर पडेल हे धरून चला.

तरीही माझा कल इकडेच आहे, कारण इथे बिघाड कुठे आहे ते तपासता येतं. पट्ट्यावर फिरवल्यावर वस्तरा हातावरच्या केसांवरून, कातडीपासून पाचेक मिलिमीटर वर, अलगद न्यायचा. केस जागच्या जागी कापले गेले तर धार ठीक आहे. मग गालावर ओढतोय याचा अर्थ कोन चुकलाय किंवा फेस सुकलाय. केस कापलेच नाहीत तर दोष पट्ट्यावरच्या हाताचा, किंवा दगडाची वेळ आली. पात्याच्या वस्तऱ्यात धार चांगली असूनही ती तिरपी बसलेली असू शकते आणि हातावरच्या केसांनी ते नीट कळत नाही.

घेताना धार लावून दाढीसाठी तयार केलेलाच वस्तरा मागा. जर्मनीतलं झोलिंगन आणि फ्रान्समधलं तिएर ही वस्तऱ्यांची जुनी गावं, तिथला नवा किंवा नीट दुरुस्त केलेला जुना, दोन्ही चालतील. रुंदी पाच-अष्टमांश इंच, टोक गोल. ऑनलाइन मिळणारे फार स्वस्त 'दगडधारी' वस्तरे टाळा. कित्येकांचं पोलाद मऊ असतं, पातं वाकडं असतं, धार टिकतच नाही. रस्त्यावर चाकावर सुऱ्यांना धार लावणाऱ्याकडे वस्तरा कधीही देऊ नका. चाकावर पातळ कड तापते, पोलादाचं पाणी उतरतं आणि तो वस्तरा कायमचा गेला. 1000 पासून 12000 पर्यंतच्या (आकडा मोठा तितका दगड बारीक) दगडांच्या वाटेला पहिल्या वर्षी न गेलेलं बरं. काही महिन्यांनी जाणकाराकडून धार लावून घ्यावी.

वापराची पद्धत दोन्हींना जवळपास एकच. आंघोळीनंतर किंवा गरम पाण्याचा टॉवेल दोन-तीन मिनिटं ठेवल्यावर ब्रशने ओला, दाट फेस करायचा. डब्यातला तयार फेस लवकर सुकतो. तीन बोटं पात्यामागच्या दांड्यावर, करंगळी दांड्याच्या टोकाच्या वळलेल्या शेपटीवर, अंगठा खालून. पाठ कातडीपासून साधारण पाठीच्या दुप्पट जाडीइतकी वर, म्हणजे तीसेक अंशांचा कोन. दुसऱ्या हाताने कातडी वर ताणायची आणि दोन-तीन सेंटिमीटरचे छोटे हात मारायचे, फक्त सुलटे, म्हणजे केस वाढतात त्या दिशेने. धारेच्या लांबीच्या दिशेने आडवी सरक झाली की कापलंच म्हणून समजा. पहिले दोन आठवडे फक्त दोन गाल वस्तऱ्याने करायचे, बाकी नेहमीच्या रेझरने. मग गळा, शेवटी वरचा ओठ आणि हनुवटी. उलटा हात महिनाभर तरी नको. शेवटी ओली तुरटी फिरवली की जिथे झोंबेल तिथे जोर जास्त लागला होता, एवढं कळतं.

कोकणात, गोव्यात, मुंबईत राहणाऱ्यांना मात्र पावसाळ्याचा विचार करावा लागेल. उच्च कार्बनचं पोलाद दमट हवेत एका रात्रीत डाग धरतं. दाढीनंतर धुऊन, पाठीकडून धारेकडे मऊ कापडाने पुसून, तासभर उघडा ठेवायचा आणि शिलाई मशीनच्या तेलाचं बोट फिरवायचं. न्हाणीघरात ठेवायचा नाही, चामड्याच्या म्यानात तर नाहीच. पातं मुठीला जोडणाऱ्या खिळ्यापाशी अडकलेलं पाणी सगळ्यात घातक, तिथे कागदाची घडी घालून टिपून घ्यावं. एवढं रोज होणार नसेल तर स्टेनलेस पोलादाचा धारेचा वस्तरा बघा. तो दगडावर जरा हट्टी असतो, पण हवेला टिकतो.

म्हणजे रोज किंवा एक दिवसाआड दाढी करणार असाल आणि सकाळी दहा मिनिटं जास्त देता येत असतील, तर पैसे एकदाच घालून धारेचा वस्तरा घ्यावा असं मला वाटतं. सततचा प्रवास असेल तर पात्याचा सोयीचा, फक्त तो आणि त्याची पाती विमानात हातातल्या बॅगेत चालत नाहीत. ती चेक-इनच्या बॅगेत टाकावी लागतात.