जिन्याखालचं दुकान : पोस्टर, ब्लॅक बुक आणि आधी एक ए-फोर

ठाणे पश्चिमेला, नौपाड्यात, एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली हे दुकान आहे. पाटीवर ‘झेरॉक्स, डीटीपी, बाइंडिंग, फ्लेक्स’ एवढंच रंगवलेलं, म्हणून आमची मुलं त्याला ‘जिन्याखाली’ असंच म्हणतात. ‘मॅडम, ब्लॅक बुक जिन्याखाली टाकलंय,’ असं कोणी सांगितलं की मी निर्धास्त होते. (ब्लॅक बुक म्हणजे प्रकल्प अहवालाची बांधलेली प्रत.) मी ठाण्यातल्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते आणि राष्ट्रीय सेवा योजनेचं कामही बघते. अकरा वर्षं माझे विद्यार्थी इथे पोस्टर छापून घेताहेत. एवढ्या वर्षांत या दुकानाबद्दल एक ओळ मी कुठे लिहिली नाही, याची खरं तर खंत होती.

छपाईच्या दुकानाचं एवढं काय, असं वाटू शकतं. पण वर्षभराचं काम शेवटी एका कागदावर उतरतं. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांची ‘आविष्कार’ संशोधन स्पर्धा २००६ पासून भरते. तिथे परीक्षक एका पोस्टरसमोर थांबतात ते मोजकी मिनिटं. राष्ट्रीय सेवा योजनेच्या (एनएसएस) मुलांना दोन वर्षांत २४० तासांचं काम असतं, वर सात दिवसांचं शिबिर. विद्यापीठाच्या आजीवन अध्ययन आणि विस्तार विभागाच्या ‘उडान’ महोत्सवात पथनाट्यांबरोबर पोस्टरही असतात. नव्या अभ्यासक्रमात क्षेत्र प्रकल्पाला आणि समाजातल्या कामाला क्रेडिट मिळायला लागल्यापासून तर डिसेंबर ते मार्च प्रत्येक वर्गातलं कोणी ना कोणी पेनड्राइव्ह घेऊन धावत असतं. या धावपळीत अक्षर मोडलं, फोटो फुटला, तर मूल तिथे रडवेलं होतं. मी ते पाहिलंय. काही वर्षांपूर्वी दुसरीकडे छापलेल्या एका पोस्टरवर सगळ्या वेलांट्या अक्षरांच्या उजवीकडे सरकल्या होत्या आणि ‘निष्कर्ष’ हा शब्द ओळखू येत नव्हता. मुलीने तसंच उभं राहून सादरीकरण केलं. मराठीत पोस्टर करायचा हट्ट तिचा होता आणि पुढच्या वर्षी तिने इंग्रजीत केलं. ते मला फार लागलं.

जिन्याखाली ही चूक होत नाही. संगणकावर बसणाऱ्या ताई फाइल उघडण्याआधी विचारतात, ‘मराठी आहे का? युनिकोड की श्रीलिपी?’ (मराठी अक्षरं टाइप करायच्या या दोन वेगळ्या पद्धती.) पॉवरपॉइंटची फाइल त्या घेतच नाहीत. फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ करून आणायला सांगतात, आणि कोरल या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये काही हलवायचं असेल तर अक्षरांचे आधी कर्व्ह करून घेतात, म्हणजे अक्षर चित्रासारखं जागच्या जागी राहतं. फोटो व्हॉट्सॲपवर साधे पाठवले तर परत पाठवायला लावतात : ‘डॉक्युमेंट म्हणून टाका, नाहीतर मोठा केल्यावर नुसते चौकोन दिसतील.’ पहिल्यांदा येणाऱ्या मुलांना या गोष्टीचा राग येतो. येऊ दे.

पण या दुकानाची खरी किंमत आहे ती ‘आधी एक ए-फोर’ या नियमात. मालक, ज्यांना सगळी मुलं काका म्हणतात, ते मोठी छपाई थेट काढूच देत नाहीत. आधी अख्खं पोस्टर ए-फोर कागदावर काढून हातात देतात. ‘घरी जा, वाचा, दुसऱ्याला वाचायला द्या, उद्या या.’ यामागे साधा हिशेब आहे. मोठं पोस्टर ए-झीरो आकाराचं, म्हणजे ८४१ बाय ११८९ मिलिमीटर, जवळजवळ एक चौरस मीटर. ए-फोर त्याचा सोळावा भाग, म्हणजे लांबी-रुंदी चौपट कमी. जे अक्षर ए-फोरवर फूटभर अंतरावरून वाचता येतं, ते मोठ्या पोस्टरवर चार फुटांवरून वाचता येणार. ए-फोर नाकाशी धरावा लागला, तर परीक्षकालाही पोस्टरला नाक लावावं लागेल. ही गोष्ट मी वर्गात दहा वेळा सांगून मुलांनी मजकूर कमी केला नव्हता. काकांनी कागद हातात दिल्यावर तिथेच, जिन्याच्या पायरीवर बसून, त्यांनी दोन परिच्छेद खोडले.

या वर्षीचा अनुभव जरा सविस्तर सांगते, कारण त्यासाठीच लिहायला बसले. माझ्या चार विद्यार्थिनींनी ठाणे खाडीवर काम केलं. ही खाडी म्हणजे नुसतं फ्लेमिंगो बघायला जायचं ठिकाण नाही. २०१५ मध्ये तिथे फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं, २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत नाव आलं, पण त्याच्या कितीतरी आधीपासून चेंदणी कोळीवाड्यातली माणसं या पाण्यावर जगली आहेत. मुलींनी तिथल्या ज्येष्ठांना विचारलं : तुमच्या लहानपणी खाडीत काय मिळायचं, आता काय मिळतं? निवटी, चिंबोरी, बोय, कोळंबी, जिताडा अशी नावं लिहून घेतली, प्रत्येकापुढे आठवणी. जोडीला भरती-ओहोटीच्या वेळी पाण्याचे नमुने घेऊन विंकलरच्या पद्धतीने पाण्यातला ऑक्सिजन मोजला.

विंकलर ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : नमुन्याच्या बाटलीत मँगनीज सल्फेट आणि अल्कलीयुक्त आयोडाइड घातलं की साका बसतो. ऑक्सिजन असेल तर तो तपकिरी होतो, नसेल तर पांढराच राहतो. पुढे आम्ल घालून टायट्रेशन, म्हणजे थेंबाथेंबाने द्रावण घालून मोजमाप, करायचं असतं, पण समोरच्या माणसाला पटतो तो साक्याचा रंग. म्हणून मुलींनी पोस्टरच्या मधोमध दोन बाटल्यांचे फोटो घेतले होते. ए-फोर निघाला आणि दोन्ही साके नारिंगी दिसायला लागले! ट्यूबलाइटखाली मोबाइलवर काढलेले फोटो, त्यात पडद्यावरचा रंग वेगळा आणि शाईचा वेगळा. दुसऱ्या कोणी ‘एवढं चालतं’ म्हणून छापून मोकळं केलं असतं. ताईंनी विचारलं, ‘खरा रंग कसा असतो?’ मुलीने सांगितलं, इथे रंगावरच सगळं आहे. त्या म्हणाल्या, ‘मग उद्या खिडकीपाशी, बाटलीशेजारी कोरा पांढरा कागद ठेवून फोटो काढा. मी कागद पांढरा होईपर्यंत रंग जुळवते, बाटली आपोआप खरी दिसेल.’ मुलींनी प्रयोग पुन्हा केला, फोटो पुन्हा काढले. पोस्टरवर आता एक साका चहाच्या गाळासारखा गडद आहे आणि दुसरा फिकट, जसे ते बाटलीत होते तसे.

त्याच ए-फोरची दुसरी प्रत मुली संध्याकाळी कोळीवाड्यात घेऊन गेल्या. ज्या मावशींनी सगळ्यात जास्त माहिती दिली होती, त्यांनी चष्मा लावून तो कागद बराच वेळ पाहिला आणि चिंबोरीच्या फोटोवर बोट ठेवलं : ‘अगो, यो नर हाय.’ मांडणी करताना दोन फोटोंची अदलाबदल झाली होती. चिंबोरीच्या पोटाखालची झडप मादीची रुंद, गोलसर असते, नराची निमुळती. नर ‘मादी’ म्हणून छापला गेला असता, आणि ज्यांच्या आयुष्याची ही माहिती, त्यांच्यासमोर मुली खोट्या पडल्या असत्या. त्या ए-फोरचे पैसे काका लावत नाहीत, हेही इथे सांगायला हवं.

आता साहित्य. फ्लेक्स सगळ्यात स्वस्त पडतो, पण तो पीव्हीसी. खाडीच्या प्रदूषणावरचं पोस्टर फ्लेक्सवर काढायला मुली तयार नव्हत्या, आणि मला ते आवडलं. स्पर्धेसाठी जाड मॅट कागद घेतला, कोळीवाड्यासाठी कापड. कागदाचा रंग उत्तम. कापडाची छपाई दुकानात होत नाही, बाहेरून करून आणतात, त्यामुळे दोन दिवस जादा धरा. रंगही कापडावर थोडे मंद येतात, ताई ते आधीच सांगतात. दर चौरस फुटाचा आहे, पण रोल तीन फुटी असल्याने ए-झीरोला तीन बाय चार, म्हणजे बारा चौरस फुटांचे पैसे लागतात. कडेच्या वाया जाणाऱ्या पट्टीवर आम्ही बाटल्यांची लेबलं छापून घेतली. तुम्हीही काहीतरी बसवून घ्या, त्याचे वेगळे पैसे ते मागत नाहीत.

ब्लॅक बुकचं हार्ड बाइंडिंग मजबूत असतं. माझ्या कपाटातल्या पहिल्या वर्षीच्या प्रतींचं एकही पान सुटलेलं नाही. फक्त वरची सोनेरी अक्षरं ठोकण्याआधी स्पेलिंग स्वतः वाचून सही करा. एकदा एका प्रतीत दोन पानं उलटी शिवली गेली होती. काकांनी वाद न घालता पूर्ण पुस्तक उसवून पुन्हा बांधून दिलं, पण मुलाचा एक दिवस गेला आणि तोंडी परीक्षा दुसऱ्याच दिवशी होती. त्यामुळे बाइंडिंग घेतल्यावर काउंटरवरच सगळी पानं चाळा.

तक्रारी आहेतच. जागा इतकी अरुंद की तीन माणसं उभी राहिली की चौथा रस्त्यावर. फेब्रुवारीत टोकन पद्धत सुरू करावी, असं मी दोनदा सुचवलंय. अजून झालेलं नाही. फोन उचलत नाहीत. रविवारी बंद असतं आणि मुलांना नेमका रविवारच मोकळा मिळतो. उद्या सकाळी स्पर्धा आणि आज रात्री आठ वाजता फाइल, असं असेल तर इथे येऊ नका. काका ए-फोरशिवाय छापणार नाहीत, आणि त्यावरून त्यांच्याशी भांडण्यात अर्थ नाही.

कापडी पोस्टर घ्यायला मी स्वतः गेले होते. काकांनी चारही कडा दुमडून शिवून घेतल्या होत्या आणि वरच्या कडेला दोनऐवजी पाच पितळी रिंगा बसवल्या होत्या. विचारलं तर म्हणाले, ‘मॅडम, खाडीवरचा वारा आहे. दोन रिंगांवर पावसाळ्यापर्यंत टिकणार नाही.’ ते आता कोळीवाड्यात जाळी विणायला बसतात त्या भिंतीवर आहे. चिंबोरीची नर-मादी आपापल्या जागी, खाली मावशींनी सांगितलेली नावं मोठ्या अक्षरांत, आणि लॅटिन नावं त्याखाली बारीक.