अ‍ॅक्यू-चेक इन्स्टंट ग्लुकोमीटर: घरच्या शुगर तपासणीसाठी कितपत उपयोगी?

घरी शुगर तपासायला पहिल्यांदाच यंत्र घेणार असाल, तर अ‍ॅक्यू-चेक इन्स्टंट बिनदिक्कत घ्यावं असं आहे. आकडे मोठे, रक्त लावायच्या पट्ट्यांची नवी बाटली उघडल्यावर कोड किंवा चिप घालायची भानगड नाही. पट्टी खोचली की यंत्र आपोआप सुरू होतं. ०.६ मायक्रोलिटर रक्त पुरतं, म्हणजे मोहरीच्या दाण्याहूनही लहान थेंब, आणि चार सेकंदांच्या आत आकडा दिसतो. ७२० रीडिंग यंत्रातच साठतात. ब्लूटूथ असलेलं मॉडेल घेतलं तर ती मोबाइलवरही जातात. इन्स्टंट एस या मॉडेलमध्ये ही सोय नाही, तेव्हा खोका नीट वाचून घ्या.

सगळ्यात आवडण्यासारखी गोष्ट म्हणजे पट्टी. तिची पुढची पिवळी कड थेंबाला नुसती टेकवायची, रक्त ती स्वतःच ओढून घेते. कडेवर कुठेही रक्त लागलं तरी चालतं, त्यामुळे हात थरथरणाऱ्या किंवा कमी दिसणाऱ्या आजी-आजोबांनाही जमतं. थेंब पट्टीच्या वर मात्र ठेवायचा नाही. रक्त कमी पडलं तर ती पट्टी वाया गेली असं समजून नवी घ्यायची. या बाबतीत काँटूर प्लस मालिकेतले मीटर सरस आहेत, कारण त्यांत त्याच पट्टीला थोड्या वेळात आणखी रक्त देता येतं. ज्यांच्या बोटांतून रक्त सहज येत नाही त्यांनी हा फरक लक्षात घ्यावा.

चुकीच्या आकड्यांचं खापर यंत्रावर फुटतं, पण बहुतेक वेळा कारण बोटावर असतं. आंबा कापला, केळं सोललं, लाडू वळले आणि हात न धुता तपासणी केली, तर बोटावरची साखर त्या इवल्याशा थेंबात मिसळते आणि आकडा कित्येक पटींनी फुगू शकतो. स्पिरिटचा बोळा फिरवून ती साखर पूर्ण जात नाही. साबण आणि कोमट पाण्याने हात धुवा आणि पूर्ण कोरडे करा. ओल्या बोटावर रक्त पातळ होतं आणि आकडा चुकतो. टोचायचं ते बोटाच्या टोकावर मधोमध नव्हे, बाजूला, कारण तिथे कमी दुखतं. बोट टोचायच्या सॉफ्टक्लिक्स पेनवर खोलीचे ११ टप्पे आहेत. २ पासून सुरुवात करून रक्त येईना तरच वाढवा. हात खाली सोडून थोडा झटकला की थेंब येतो. बोट पिळून पिळून काढलेल्या रक्तात पेशींच्या आजूबाजूचं पाणी मिसळतं, तो थेंब विश्वासाचा नाही. सुई दर वेळी नवी हवी.

दुसरा शत्रू दमट हवा. पट्ट्यांच्या बाटलीत ओलावा शोषणारा थर असतो, म्हणून पट्टी काढली की झाकण त्याच क्षणी घट्ट लावायचं. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत बाटली उघडी राहिली, किंवा चार पट्ट्या काढून प्लास्टिकच्या डबीत ठेवल्या, की त्या कामातून गेल्या. साठवणीसाठी तापमान ४ ते ३० अंश हवं. विदर्भातल्या उन्हाळ्यात घरातली सगळ्यात थंड, अंधारी जागा शोधा. फ्रिज मात्र नको, बाहेर काढल्यावर आत दव धरतं. उन्हात उभ्या गाडीच्या कप्प्यात तर मुळीच नको. शंका आली तर कंट्रोल सोल्युशनने (ठरावीक साखर असलेल्या द्रवाने) यंत्र आणि पट्टी तपासता येते. ते औषधाच्या दुकानात सहसा मागवून घ्यावं लागतं आणि बाटली उघडल्यावर तीन महिनेच चालतं.

लॅबमध्ये १२० आणि घरी १३२ आलं म्हणून यंत्र टाकून देऊ नका. आयएसओ १५१९७:२०१३ या मानकानुसार शुगर १०० किंवा त्याहून जास्त असताना किमान ९५ टक्के रीडिंग लॅबच्या आकड्याच्या १५ टक्के आत असावी लागतात. म्हणजे १२० ला १०२ ते १३८ हे सगळं चालतं. शिवाय जेवणानंतर बोटातल्या रक्तातली शुगर शिरेतल्यापेक्षा जास्तच असते. तुलना करायचीच तर उपाशीपोटी, लॅबने रक्त घेतल्यावर लगेच करा.

आकडा कमी, ठीक की जास्त हे बाणाने दाखवणारा एक रंगीत पट्टा यंत्राच्या पडद्याच्या बाजूला असतो, त्याबद्दल माझी खरी तक्रार आहे. बाण हिरव्यासमोर आला की लोक निश्चिंत होतात. पण यंत्राला तुम्ही उपाशी आहात की जेवून आलात हे कळत नाही. मधुमेह असलेल्या बहुतेक प्रौढांसाठी जेवणाआधी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या आत असं लक्ष्य सांगितलं जातं. उपाशीपोटी १४५ आले तरी बाण हिरव्यात दिसू शकतो. तेव्हा आकडा वाचा, रंग नव्हे, आणि तुमचं लक्ष्य डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

या यंत्राचा खरा उपयोग जोडीने तपासण्यात आहे. रोज सकाळी फक्त उपाशीपोटीचा आकडा लिहिणाऱ्याला जेवणाबद्दल काहीच कळत नाही. पहाटे यकृत स्वतःच साखर सोडतं, त्याचाही परिणाम त्यात असतो. त्याऐवजी एक जेवण निवडा. पहिल्या घासाआधी एक रीडिंग आणि पहिल्या घासापासून (जेवण संपल्यापासून नव्हे) बरोबर दोन तासांनी दुसरं. वहीत पदार्थ आणि प्रमाणही लिहा: एक ज्वारीची भाकरी, एक वाटी मटकीची उसळ, काकडी. मग एका वेळी एकच बदल करा. भाकरी एकाऐवजी दोन, किंवा आधी उसळ-काकडी आणि भाकरी शेवटी, किंवा जेवणानंतर १५ मिनिटं चालणं. दोन आकड्यांतला फरक किती बदलतो ते पाहिलं की कुठलाही तक्ता पाठ करावा लागत नाही. एकादशीची साबुदाण्याची खिचडी अशी एकदा तपासून पाहाच. साबुदाणा जवळपास निव्वळ स्टार्च आहे, आणि ताटलीऐवजी वाटीभर घेऊन सोबत दही, दाणे घेतल्याने काय बदलतं ते वहीत उमटतं. आठवड्याला तीन जोड्या केल्या तर ५० पट्ट्यांची बाटली दोन महिने पुरते. यंत्रापेक्षा पट्ट्यांवरच खर्च जास्त होतो, म्हणून हा हिशेब आधी करावा. इन्सुलिन घेणाऱ्यांची गरज याहून जास्त असते.

मधुमेह आहे की नाही हे या यंत्रावरून ठरवू नका, त्यासाठी लॅबची तपासणी आणि एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी शुगर दाखवणारी रक्ततपासणी) हवी. रक्तक्षय खूप असेल तर मीटरचा आकडा भरवशाचा राहत नाही, हे डॉक्टरांना सांगा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी शुगर उतरवणारी गोळी चालू असताना ७० च्या खाली आकडा आला तर १५ ग्रॅम ग्लुकोज पावडर पाण्यातून घ्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. सोबत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज ही मधुमेहाची गोळी चालू असेल तर घरातली साखर उशिरा लागू पडते, साधं ग्लुकोजच हवं. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना गाठा.

विकत घेताना पट्ट्यांच्या बाटलीवर ‘इन्स्टंट’ हे नाव वाचा. अ‍ॅक्यू-चेक अ‍ॅक्टिव्हच्या पट्ट्या वेगळ्या असतात, या यंत्रात चालत नाहीत, आणि घाईत दुकानदाराकडून त्याच हातात पडू शकतात. मुदतीची तारीख निदान सहा महिने पुढची असावी. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या बरणीत साठवा, ओल्या-सुक्या कचऱ्याच्या पिशवीत सुट्या टाकू नका. सफाई कामगाराच्या हाताला त्या लागतात.