भुसावळचा बॉक्सिंग क्लास: रविवारी जुन्या लढती

पोरगा जातो म्हणून मीही बसायला लागलो. सर जुनी लढत लावतात आणि ठोसे सोडून आधी पाय बघायला सांगतात. हेवीवेट जगज्जेता रॉकी मार्सियानोच्या 49 लढती, एकही हार नाही, हे ऐकून पोरं भारावली. सरांनी लगेच 1951 ची लढत लावली: मार्सियानोसमोर माजी जगज्जेता जो लुई, वय 37, पाय जड झालेले. कोणाला हरवलं आणि कोणत्या वयात, ते बघा म्हणाले. माझ्या लेखी हेन्री आर्मस्ट्राँग सर्वांत थोर. 1938 मध्ये एकाच वेळी तीन वजनगटांची जगज्जेतेपदं, तीही गट मोजकेच असताना! तेव्हाच्या 15 फेऱ्यांच्या लढतींचा दम आजच्या 12 फेऱ्यांच्या मापाने मोजणं अन्यायच. भुसावळच्या उन्हाळ्यात एक पंखा अजिबात पुरत नाही, दुसरा लावाच. मागच्या भिंतीला टेकून बसा, पडदा तिथून नीट दिसतो.