लंडनच्या पॉलिसीवर सुदानला गेलेला माल

निर्यातीच्या पैशांचा विमा म्हणून कुणी परदेशी कंपनीची ‘पोलिटिकल रिस्क’ (युद्ध, बंड असल्या जोखमींची) पॉलिसी घेऊन तुमच्या ऑफिसात आलं, तर चेक फाडण्याआधी हे वाचा. आमचे प्रीमियमचे १ लाख ८० हजार गेले. त्या पॉलिसीच्या भरवशावर पाठवलेला ३८ लाखांचा माल गेला तो वेगळाच.

काळबादेवीत माझं आणि मेहुण्याचं निर्यातीचं छोटं ऑफिस आहे. भिवंडीत विणून घेतलेलं कापड रंगवून, छापून आम्ही आफ्रिकेत पाठवतो. सुदानमध्ये बायका साधारण साडेचार मीटरचा तोब नेसतात. त्याचं कापड घेणारा, खार्तूमला लागून असलेल्या ओमदुर्मानचा एक व्यापारी आमचं जुनं गिऱ्हाईक. व्यवहार डीएवर, म्हणजे बँकेतून कागद गेले की तो हुंडी स्वीकारून माल सोडवतो आणि ९० दिवसांनी डॉलर पाठवतो. माणूस शब्दाला पक्का. भीती होती ती त्याच्या देशाची. ऑक्टोबर २०२१ मध्ये तिथे लष्कराने सत्ता ताब्यात घेतली, आणि त्यानंतर तो स्थानिक चलनात पैसे वेळेवर भरायचा तरी आमच्याकडे डॉलर पोचायला उशीर होऊ लागला. या कटकटीला विम्याच्या धंद्यात ट्रान्सफर रिस्क म्हणतात. गिऱ्हाईक द्यायला तयार, पण पैसा देशाबाहेर निघत नाही.

अशात आमच्या सीएचएच्या, म्हणजे कस्टम्सचं काम बघणाऱ्या एजंटच्या, ओळखीने हा पॉलिसीवाला गृहस्थ आला. मूळचा साताऱ्याकडचा, बोलायला गोड. पहिल्याच भेटीत मेहुण्याच्या गावचे दोन-चार पावणे निघाले. म्हणाला, “दादा, ईसीजीसीच्या नादी लागू नका. सुदान म्हटल्यावर वेगळी मंजुरी लागते, फाईल फिरत बसते. मी तुम्हाला थेट लंडनची पॉलिसी देतो. युद्ध होऊ दे, बंड होऊ दे, गोदाम जळू दे, शंभर टक्के कव्हर. पंधरा दिवसांत क्लेम खात्यात.”

ईसीजीसी म्हणजे निर्यातदारांच्या पैशांचा विमा उतरवणारी केंद्र सरकारची कंपनी, १९५७ पासूनची. जोखमीच्या देशांसाठी तिथे वेगळी मंजुरी लागते, हे खरंच आहे. थापेत एवढं खरं मिसळलं की बाकीचं आपोआप पचतं.

पॉलिसी आली ती बघण्यासारखी होती. जाड पिवळसर कागद, उठावाचा शिक्का, कोपऱ्यात लाल फीत. आज ती समोर ठेवली की वेगळ्याच गोष्टी दिसतात. विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या आयआरडीएआयचा नोंदणी क्रमांक कुठेच नाही. पॉलिसीच्या प्रत्येक प्रकाराला मिळणारा ओळख क्रमांक, यूआयएन, नाही. आणि गिऱ्हाईकाच्या नावात आमच्या प्रोफॉर्मा इन्व्हॉइसमध्ये (माल पाठवण्याआधीच्या कच्च्या बिलात) टायपिंगची एक चूक राहिली होती, तीच्या तीच चूक ‘लंडनहून’ आलेल्या शेड्यूलमध्ये. म्हणजे तिकडे कुणी त्या व्यापाऱ्याची चौकशी केलीच नव्हती, आमचाच कागद बघून टाईप केलं होतं. बिलावर १८ टक्के जीएसटीही लावला होता. नंतर जीएसटीच्या पोर्टलवर बिलावरचा जीएसटी नंबर टाकला तर कुरिअरचा धंदा करणाऱ्या एका प्रोप्रायटरचं नाव आलं. प्रीमियम गेला तो एका सहकारी बँकेतल्या चालू खात्यात, ज्याच्या नावात ‘इन्शुरन्स सर्व्हिसेस’ असे शब्द होते.

माल ओमदुर्मानला पोचला, हुंडी स्वीकारली गेली, आणि १५ एप्रिल २०२३ ला खार्तूममध्ये लष्कर आणि आरएसएफ ही निमलष्करी फौज एकमेकांवर तुटून पडले. तिथल्या भारतीयांना आणायला सरकारला ‘ऑपरेशन कावेरी’ करावं लागलं, हे सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. आमच्या गिऱ्हाईकाचा मेसेज आला तो एवढाच: दुकान आणि गोदाम लुटलं, बँका बंद, कुटुंबाला घेऊन पोर्ट सुदानकडे निघालोय. त्या माणसाला दोष कसा देणार?

आम्ही क्लेम लावला. एजंट पहिल्या रिंगला फोन उचलायचा, हे कबूल करायला हवं. “काळजीच करू नका, वॉर क्लेम आहे, सरळ बसतो.” मग सर्व्हेअरची फी म्हणून ६५ हजार मागितले, ते दिले. मग लंडनहून पैसे आणायला ‘रेमिटन्स टॅक्स’ आगाऊ भरा म्हणाला. तिथे मेहुणा बिथरला. क्लेमची रक्कम मिळायच्या आधी तिच्यावरचा टॅक्स कसला? चार शब्द झाले आणि दुसऱ्या दिवसापासून फोन बंद. अंधेरीच्या ऑफिसात गेलो तर ती महिन्याच्या भाड्याने खुर्ची देणारी जागा निघाली. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, “वो सर ने तो सीट छोड़ दी.”

ईसीजीसीचं मुख्य ऑफिसही अंधेरी पूर्वेलाच. तिथल्या एका अधिकाऱ्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि खरी पॉलिसी कशी चालते ते सांगितलं. आधी परदेशी खरेदीदाराची माहिती मागवतात आणि त्याच्या नावावर क्रेडिट लिमिट ठरवतात. कव्हर सहसा ९० टक्क्यांपर्यंत, जोखमीप्रमाणे कमीही, बाकीचा वाटा निर्यातदाराच्या डोक्यावरच. पाठवलेला माल दर महिन्याला कळवायचा, थकलेलं बिलही कळवायचं. पैसे थकले किंवा डॉलर अडकले तर मुदत उलटून साधारण ४ महिने गेल्यावरच क्लेम उभा राहतो. पंधरा दिवस आणि शंभर टक्के यातलं काहीच या धंद्यात बसत नाही. आमच्या एजंटने गिऱ्हाईकाबद्दल एक प्रश्न विचारला नव्हता, तेव्हा तो आम्हाला सुटसुटीतपणा वाटला होता.

गोदामाचं तर आणखी गमतीचं. सागरी विम्यातलं युद्धाचं कव्हरसुद्धा माल जहाजावर असेपर्यंतचं असतं. बंदरात उतरला की ते संपतं, आणि उतरलाच नाही तरी जहाज पोचल्यापासून १५ दिवसांत. जमिनीवरच्या गोदामातल्या मालाला युद्धाचं कव्हर नेहमीच्या सागरी पॉलिसीत मिळतच नाही. जो बाबा ते सहज देऊ करतो, त्याला कागदावर विमा कंपनीचं नाव आणि नोंदणी क्रमांक विचारा, आणि आयआरडीएआयच्या संकेतस्थळावरच्या यादीत स्वतः शोधा. प्रीमियम विमा कंपनीच्याच खात्यात जातोय ना, तेही बघा.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली तोवर ते खातं रिकामं होतं. पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवला आहे.

खरा त्रास आता चालू झालाय, आणि याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. निर्यातीचे पैसे आले नाहीत की बँकेच्या ईडीपीएमएस यादीत (निर्यातीच्या पैशांवर लक्ष ठेवणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या प्रणालीत) ते बिल उघडंच राहतं आणि बँक पत्रं पाठवत राहते. ईसीजीसीने क्लेम दिल्याचा कागद असता तर बँकेला ते बिल राइट ऑफ, म्हणजे वसूल न होणारं म्हणून बंद, करता आलं असतं. बनावट पॉलिसी दाखवून काय मिळणार? त्यात न्हावा शेवाच्या कस्टम्सची नोटीस आली आहे की, पैसे वसूल झाले नाहीत, तेव्हा घेतलेला ड्रॉबॅक (निर्यातीवर मिळणारा शुल्काचा परतावा) व्याजासह परत करा. वकील म्हणतात, एफआयआर, स्वीकारलेली हुंडी आणि गिऱ्हाईकाचे मेसेज जोडून उत्तर देऊ. त्याच लाल फितीची पॉलिसी आणखी कुणाकडे असेल तर त्यांनीही आपल्या भागातल्या पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी. तपास अधिकाऱ्याने आम्हाला दुसरे तक्रारदार आहेत का, हेच सगळ्यात आधी विचारलं होतं.