जिम्पमध्ये पैठणीच्या काठाची चौकट

आमच्या सासूबाईंचं सहस्रचंद्रदर्शन होतं. त्यांचा 1964 सालचा लग्नातला फोटो नक्षीदार चौकटीत बसवून 12 बाय 18 इंचांचा प्रिंट काढायचा होता. काम माझ्याकडे आलं, कारण ‘हिला कॉम्प्युटरमधलं कळतं’ असा आमच्या घरात एक जुना गैरसमज आहे.

आधी फोनवरचं एक फुकट ॲप घेतलं. नाव लिहीत नाही, तसली पुष्कळ आहेत. फ्रेमा ढीगभर : सोनेरी वेलबुट्टी, गुलाब, मोरपिसं, चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर असतं ते सगळं. एक फ्रेम लावून बघितली की एक जाहिरात. त्यात चौकटीत मावावा म्हणून फोटो वरून छाटला गेला आणि मामंजींची टोपी गेली. शेवटी जे चित्र हातात आलं ते जेमतेम 1080 पिक्सेल रुंद. 12 इंचांवर पसरलं तर इंचाला 90 ठिपके. स्टुडिओवाला म्हणाला, “ताई, हे व्हॉट्सॲपला चालेल, भिंतीला नाही.”

मग भाच्याने लॅपटॉपवर जिम्प टाकून दिलं, म्हणजे फोटोंवर काम करायचं सॉफ्टवेअर. हे पूर्ण फुकट आहे, जाहिरात नाही, चित्रावर कुणाचा शिक्का नाही, आणि फोटो जेवढा मोठा द्याल तेवढाच मोठा परत मिळतो. मी मूळ फोटो 600 डीपीआयला, म्हणजे इंचाला 600 ठिपके घेऊन, स्कॅन केला होता. 4 बाय 6 इंचांचा, म्हणजे 2400 बाय 3600 पिक्सेल. भिंतीवर दोन हातांवरून बघायच्या प्रिंटला तेवढं पुरलं.

पण ‘फ्रेम लावा’ असं एक बटण शोधत असाल तर निराशा होईल. ‘फिल्टर्स’मध्ये ‘डेकॉर’ नावाचा कप्पा आहे, त्यात ‘ॲड बॉर्डर’ मिळतं. चारही बाजूंना एकाच रंगाच्या वेगवेगळ्या छटा देऊन ते पट्टीला उठाव आणतं. साधी, स्वच्छ किनार हवी असेल तर ठीक. शेजारच्या ‘ओल्ड फोटो’ची मला गरज नव्हती, आमचा फोटो मुळातच पिवळा पडलेला.

नक्षी बाहेरूनच आणावी लागते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने 2017 पासून आपल्या संग्रहातल्या हक्कमुक्त कलाकृतींचे फोटो सगळ्यांना वापरायला मोकळे केलेत. त्यात जुन्या इटालियन चौकटीही आहेत, कोरीव, सोन्याचा वर्ख दिलेल्या. एक उतरवून घेतली, मधला भाग निवडून पुसला (त्याआधी लेयरला, म्हणजे चित्राच्या त्या थराला, पारदर्शकपणा सांभाळणारा ‘अल्फा चॅनल’ जोडायचा, नाहीतर भोकाऐवजी पांढरा ठोकळा मिळतो) आणि फोटोच्या मापाला ताणली. कोपऱ्यातली पानं लांबट होऊन भेंडीसारखी दिसायला लागली. चौकट सरसकट ताणायची नसते हे तेव्हा कळलं : कोपरे आहेत तसे ठेवायचे आणि मधल्या पट्टीचा तुकडा पुन्हा पुन्हा जोडत जायचं. तेही केलं. छान जमलं, पण सासूबाई आणि मामंजी फ्लॉरेन्सचे सावकार दिसायला लागले.

तेव्हा फोटोकडे नीट बघितलं. सासूबाईंच्या खांद्यावर मुनिया काठ, ओळीने पोपट. ती पैठणी अजून कपाटात आहे! मलमलच्या कापडात गुंडाळलेली.

काठ स्कॅनरवर ठेवला तर जर काळी आली. स्कॅनरचा उजेड जरीवरून भलतीकडेच परावर्तित होतो. शेवटी साडी सकाळी खिडकीशी पसरून वरून सरळ फोटो काढला, जर झळकली. त्यातला पाच पोपटांचा तुकडा कापून ओळीने जोडला. सांध्यावर एका पोपटाला दोन चोची आल्या, ते निस्तरण्यात एक दुपार गेली. कोपऱ्यात फ्रेमवाले लाकूड 45 अंशांत कापतात तसं कापलं, तर पोपट अर्धे झाले. म्हणून पदरावरची कोयरी उचलून चारही कोपऱ्यांत बसवली. चौकटीच्या लेयरला ‘ड्रॉप शॅडो’ दिली की तिची सावली फोटोवर पडते आणि फोटो खरंच आत बसल्यासारखा वाटतो. जिम्पच्या 3.0 आवृत्तीपासून ही सावली नंतरही कमीजास्त करता येते. मी तीनदा कमी केली. पहिल्यांदा चेहऱ्यांपेक्षा सावलीच दिसत होती.

सुरुवातीला मी एका गोष्टीवरून भाच्यावर चिडले होते. जिम्पमध्ये ‘सेव्ह’ केलं की एक्ससीएफ नावाची फाइल होते, ती स्टुडिओत उघडेना. प्रिंटसाठी ‘एक्सपोर्ट’ वेगळं करावं लागतं. चौकट दुसऱ्या फोटोला वापरायची तर पीएनजीत काढा, जेपेगमध्ये मधली पारदर्शक जागा भरून जाते. मोबाइलवर काम करायची सवय असलेल्यांना हे सगळं जडच जाईल. घाईत असलेल्याला मी जिम्प सांगणार नाही. दोन सुट्ट्या हाताशी असतील तर जरूर सांगेन, पाचपैकी चार गुण.

प्रिंट घरी आला. सासूबाईंनी चष्मा लावला, काठावरून बोट फिरवलं, मामंजींच्या टोपीवर क्षणभर थांबवलं आणि म्हणाल्या, “अगं, वरचे पोपट उलटे का टांगलेस?”

खालचीच पट्टी फिरवून मी वर लावली होती. आठवडाभर डोळ्यांसमोर असून मला दिसलं नव्हतं. एक्ससीएफमध्ये सगळे लेयर सुटे होते म्हणून दहा मिनिटांत सरळ करता आले. जरीची कड वरच्या बाजूला आता आतून आली आहे, ते त्यांना चालतंय. दुसरा प्रिंट हॉलमध्ये लागला. उलट्या पोपटांचा मी माझ्या खोलीत ठेवलाय.