मालमत्ता कर आणि त्याबदल्यात मिळणारी सेवा : एका नियमित करदात्याचा अभिप्राय

गेली २२ वर्षे मी आमच्या महापालिकेचा मालमत्ता कर मुदतीच्या आत भरत आलो आहे. एखाद्या खाणावळीत एकदा जेवून आलेला माणूससुद्धा तिच्याविषयी चार ओळी लिहितो. मग ज्या सेवेचे बिल यंदा ११,८३२ रुपये आले आणि जी नको म्हणून दुसरीकडे जाण्याची सोय नाही, तिच्याविषयी सविस्तर लिहायला हरकत नसावी. महापालिकेचे नाव मुद्दाम घेत नाही. राज्यातल्या कोणत्याही मध्यम शहरातल्या रहिवाशाला हे वर्णन आपल्याच शहराचे वाटेल, असा माझा अंदाज आहे.

जे चांगले आहे ते आधी सांगतो. भरण्याची सोय उत्तम आहे. पूर्वी मार्चअखेरीस प्रभाग कार्यालयाच्या खिडकीपुढे दोन-दोन तास उभे राहावे लागे आणि धनादेशाच्या मागे मिळकत क्रमांक लिहायचा राहिला, तर पुन्हा रांगेच्या शेवटी जावे लागे. आता संकेतस्थळावर मिळकत क्रमांक टाकून यूपीआयने पैसे भरले की पावती मिनिटभरात मोबाइलवर येते. एक खोच मात्र ध्यानात ठेवावी. मुदतपूर्व भरणा केल्यास ५ टक्के सवलत, असे फलक चौकाचौकांत लागतात, पण ती सवलत केवळ सर्वसाधारण करावर असते. माझ्या बिलात सर्वसाधारण कर ५,२२० रुपये असल्याने प्रत्यक्षात २६१ रुपये सुटले. सबंध बिलाच्या पाच टक्क्यांची अपेक्षा धरणाऱ्यांनी ती धरू नये.

आता मूळ बिलाकडे वळतो. आमची सदनिका ६८० चौरस फुटांची असून तिचे वार्षिक करयोग्य मूल्य (घराच्या अंदाजे वार्षिक भाड्यावरून ठरणारी, कर मोजण्याची रक्कम) १७,४०० रुपये धरले आहे. त्यावर सर्वसाधारण कर, सफाई कर, अग्निशमन कर, पथकर, जललाभ कर, मलनिःसारण लाभ कर, वृक्ष उपकर, महापालिकेचा शिक्षण कर आणि राज्य शासनाचा शिक्षण कर अशा नऊ ओळी लागतात आणि सगळे मिळून करयोग्य मूल्याच्या ६८ टक्के भरावे लागतात. पाणीपट्टी यात नाही, ती वेगळी येते. जललाभ कर आणि पाणीपट्टी हे दोन वेगळे कसे, असे मी एकदा खिडकीवर विचारले, तेव्हा तिथल्या बाईंनी शांतपणे समजावून सांगितले की पाणीपट्टी ही पाण्याची आणि जललाभ कर हा पाणी मिळण्याच्या सोयीचा. कायद्याने हे बरोबर आहे. एप्रिल-मे महिन्यांत आमची सोसायटी दिवसाआड टँकर मागवते, तेव्हा टँकरचे पैसे तिसरे असतात, एवढेच त्या बोलल्या नाहीत.

राज्य शासनाच्या शिक्षण कराची गोष्ट निराळी आहे. तो १९६२ च्या कायद्याखाली लागतो, महापालिका तो केवळ गोळा करते आणि सरकारजमा करते. त्याच कायद्यानुसार दुकाने आणि कार्यालये यांच्या बिलात रोजगार हमी उपकराची आणखी एक ओळ असते. १९७२ च्या दुष्काळातून उभ्या राहिलेल्या रोजगार हमी योजनेसाठी शहरातल्या लोकांनी भार उचलावा, हा त्यामागचा विचार होता आणि १९७५ चा व्यवसाय करही याच योजनेच्या नावाने आला. (मी सहकारी बँकेत असताना फेब्रुवारीच्या पगारातून २०० ऐवजी ३०० रुपये का कापले जातात, हे दरवर्षी कोणीतरी नवा कारकून विचारायचाच. राज्यघटनेने या कराला वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा घातली आहे, दरमहा २०० धरले तर २,४०० होतात आणि उरलेले १०० फेब्रुवारीत वसूल केले जातात, एवढेच त्याचे रहस्य.) त्या योजनेबद्दल माझी तक्रार नाही. दुष्काळी तालुक्यातल्या मजुराला काम मिळावे म्हणून मी अनेक वर्षे पैसे दिले, हे सांगताना बरेच वाटते. त्या पैशाला निदान एक ठरलेले नाव आणि ठरलेले काम होते.

नेमका तोच प्रश्न मला उरलेल्या ओळींबद्दल पडतो. कर जर नावाने घेतला जातो, तर त्याचा हिशेबही नावाने मिळायला हवा. पथकर किती जमला आणि रस्त्यांवर किती खर्च झाला, सफाई कर किती जमला आणि सफाईवर किती गेला, हे दोन आकडे शेजारी शेजारी छापायला बिलाच्या मागच्या कोऱ्या पानावर भरपूर जागा आहे. तिथे सध्या पावसाचे पाणी साठवा, असा संदेश असतो.

प्रयोगादाखल मी सर्वांत लहान ओळ निवडली. वृक्ष उपकर, १७४ रुपये. झाडांच्या संरक्षणासाठी १९७५ साली राज्याने कायदा केला, त्याखाली वृक्ष प्राधिकरण असते आणि हा उपकर त्या कामासाठी घेतला जातो. शहरात लाखावर मिळकती आहेत, म्हणजे रक्कम अगदीच किरकोळ नसणार. आधी महापालिकेचा अर्थसंकल्प पाहिला. तो संकेतस्थळावर आहे, पण स्कॅन केलेल्या पानांच्या रूपात, त्यामुळे त्यात शब्द शोधता येत नाही आणि काही पाने आडवी आहेत. जमेच्या बाजूला वृक्ष उपकर सापडला. खर्चाच्या बाजूला ‘उद्यान व वृक्षसंवर्धन’ असे एकत्र शीर्ष निघाले, ज्यात कारंजी, खेळणी, माळ्यांचे पगार आणि रोपे हे सगळे एकाच आकड्यात होते. शिवाय चालू वर्षाचा रकाना सुधारित अंदाजाचा होता. प्रत्यक्ष खर्च कळायला मागे जावे लागते, आणि तोवर तो खर्च करणारे अधिकारी बदलून गेलेले असतात.

मग माहितीच्या अधिकारात अर्ज केला. अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो. मागितले एवढेच की गेल्या तीन वर्षांत वृक्ष उपकरापोटी किती रक्कम जमा झाली, त्यातून किती रोपे लावली आणि त्यांपैकी किती जगली. तिसाव्या दिवशी उत्तर आले, त्यात दिरंगाई म्हणता येणार नाही. जमा रक्कम पहिल्याच ओळीत, पैशांपर्यंत बिनचूक दिली होती. उरलेल्या दोन प्रश्नांना उत्तर एकच होते : सदर माहिती एकत्रित स्वरूपात उपलब्ध नसून अर्जदाराने कार्यालयीन वेळेत येऊन अभिलेखांची पाहणी करावी. मी पाहणीला गेलो. मला तीन कपाटे दाखवण्यात आली.

या सेवेवरचा माझा मुख्य आक्षेप इथे आहे. जमेची बाजू पैशापर्यंत चोख आणि खर्चाची बाजू कपाटात, अशी वही आमच्या बँकेत कोणी ठेवली असती, तर लेखापरीक्षकाने त्याला त्याच दिवशी खुर्चीवरून उठवले असते.

खर्च होत नाही असे मात्र नाही. तो आमच्या गल्लीत डोळ्यांदेखत होतो. चार वर्षांत हा साडेतीनशे पावलांचा रस्ता आधी मलवाहिनीसाठी, मग गॅसच्या नळासाठी, मग इंटरनेटच्या तारेसाठी खोदला गेला. त्यानंतर तो काँक्रीटचा झाला. काँक्रीट वाळून तीन महिने झाले नाहीत तोच कडेची पट्टी पाणीपुरवठा विभागाने फोडली, कारण जुना नळ खालीच राहिला होता. यंदा मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात पदपथावरचे चांगले पेव्हर ब्लॉक काढून तसेच दुसऱ्या रंगाचे बसवण्यात आले. ठेकेदाराच्या मुकादमाला विचारले, तर तो म्हणाला, “काका, एकतीस तारखेच्या आत बिल निघालं पाहिजे.” इतके सरळ उत्तर मला कोणत्याही कार्यालयात मिळाले नव्हते. कोपऱ्यावर शहराच्या नावाआधी लाल बदाम असलेली विजेची अक्षरेही उभी राहिली आहेत. त्यांतले एक अक्षर पावसाळ्यापासून बंद असल्याने रात्री शहराचे नाव वेगळेच वाचले जाते.

करवाढीमागचे कारण मी समजू शकतो. जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर १ ऑगस्ट २०१५ पासून बहुतेक व्यापाऱ्यांसाठी संपला आणि जुलै २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर महापालिका राज्याकडून मिळणाऱ्या भरपाईवर अवलंबून राहिल्या. स्वतःच्या हातात राहिलेले मोठे साधन म्हणजे मालमत्ता कर. पण तोही सर्वांना सारखा लागत नाही. मुंबईत २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना माफी आहे. पुण्यात स्वतः राहणाऱ्या मालकाला मिळणारी ४० टक्क्यांची जुनी सवलत मध्यंतरी काढून घेतली गेली आणि २०२३ मध्ये परत दिली गेली. आमच्याकडे यांपैकी काहीच नाही.

आमच्याकडे आहे ती अभय योजना. कर थकला की दरमहा २ टक्के शास्ती लागते, म्हणजे वर्षाला २४ टक्के. हे ऐकून मध्यमवर्गीय माणूस घाबरतो आणि एप्रिलमध्येच पैसे भरतो. ज्याला अनुभव आहे तो थांबतो, कारण थोड्या वर्षांनी अभय योजना येते आणि गेल्या खेपेप्रमाणे शास्तीचे ७५ टक्के माफ होतात. २४ मधून १८ वजा केले की ६ उरतात. तारण नाही, जामीनदार नाही आणि व्याज वर्षाला सरळव्याजाने ६ टक्के, असे कर्ज मी तीस वर्षांच्या नोकरीत कोणालाही मंजूर झालेले पाहिले नाही. काही शहरांनी थकबाकीदाराच्या दारात बँड वाजवण्याचा उपाय करून पाहिला, तो निदान करमणुकीचा तरी होता. वेळेवर भरणाऱ्याला २६१ रुपये आणि न भरणाऱ्याला पाऊण शास्ती माफ, या हिशेबात शहाणा कोण ठरतो हे थकबाकीदारांची यादी पाहून कळते.

नामांतराचा अनुभव थोडक्यात सांगतो. शेजारच्या वहिनींच्या यजमानांच्या निधनानंतर बिलावर त्यांचे नाव लावायचे होते. लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून लागू आहे आणि नागरी सुविधा केंद्राच्या फलकावर मुदत १५ दिवस लिहिलेली आहे. प्रत्यक्षात चार महिने आणि सहा खेपा लागल्या. जुन्या मालकाच्या नावाचे बिल मात्र त्या काळातही वेळेवर आले.

तक्रार नेमकी कोणाकडे न्यायची, हाही एक प्रश्न होता. २०२२ पासून राज्यातल्या कित्येक महापालिकांची मुदत संपूनही निवडणुका वर्षानुवर्षे झाल्या नाहीत आणि सगळा कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. त्या काळात कर आकारणारा, खर्च मंजूर करणारा आणि खर्चावरची हरकत ऐकून घेणारा अधिकारी एकच होता. नगरसेवकांच्या काळात सारे सुरळीत होते असे मी म्हणणार नाही. आमच्या चौकातल्या एका स्टीलच्या बाकड्यावर माजी नगरसेवकाचे नाव इतक्या मोठ्या अक्षरांत आहे की पाठ टेकली की ते रुतते. पण त्या माणसाला निदान सकाळी फिरायला आलेला असताना गाठता येत असे.

तारे द्यायचेच झाले, तर पाचपैकी भरणा सुविधेला चार, बिलाच्या स्पष्टतेला दोन, नामांतराला एक आणि जमा-खर्चाच्या हिशेबाला मी अजून काहीच देत नाही, कारण तो माझ्या हाती आलेला नाही. वृक्ष उपकराच्या उत्तरावर मी पहिले अपील दाखल केले आहे. त्याला २० रुपयांचा स्टँप लागतो. सुनावणीची नोटीस आली की तीन कपाटांतून काय निघाले ते या अभिप्रायाखाली जोडीन.